म्हसवडचा दावा

कुंभारीहून निघून सोलापूर ओलांडले आणि मंगळवेढ्याचा रस्ता धरला की भीमेच्या काठी माचणूर लागते. सिद्धेश्वराचे देऊळ, शेजारी नदीवर झुकलेला किल्ला, खाली पाण्याला भिडलेला घाट. आमच्या भागातली माणसे श्रावणात दर्शनाला जातात, घाटावर बसून भाकरी सोडतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. त्या घाटावर बसलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते की १६९५ ते १६९९ अशी साडेचार वर्षे दिल्लीच्या बादशाहीचा सगळा कारभार या काठावरून चालत होता. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाने तळ दिला आणि गावाचे नाव इस्लामपुरी ठेवले. बंगालचा वसूल, काबूलची बातमीपत्रे, जिंजीच्या वेढ्याचे जासूद, सारे इथे येऊन थांबत.

१६९७ च्या जूनमध्ये या तळावर एका माणसाचे मुंडके आले. ते संताजी घोरपड्याचे होते. ते उतरवणारा मोगल नव्हता. तो शंभरेक किलोमीटरवरच्या म्हसवडचा मराठा देशमुख होता, नागोजी माने.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. संताजी शूर होता, धनाजीशी त्याचे पटले नाही, माने नावाच्या माणसाने दगा केला. मला ती गोष्ट म्हसवडच्या बाजूने सांगायची आहे. त्यात मान्यांची वकिली करण्याचा हेतू नाही. एका लहानशा कसब्याच्या गढीत जे वैर शिजले, त्याने स्वराज्याचा सर्वांत मोठा सेनानी खाल्ला. ते वैर कशावर पोसले होते, हे पाहिल्याशिवाय त्या काळाची नस हाताला लागत नाही.

म्हसवड माणगंगेच्या काठी आहे. माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते. माणदेशाला पाऊस कायम पाठमोरा. खिलार जनावर, मेंढरू आणि घोंगडी यांवर जगणारा हा मुलूख. गावात सिद्धनाथाचे प्राचीन देऊळ आहे आणि मार्गशीर्षात देवाचा रथ निघतो. उत्तरेच्या अंगाला शंभू महादेवाची डोंगररांग आणि तिच्या टोकावर शिखर शिंगणापूर. तिथले देवस्थान भोसल्यांचे कुलदैवत. मालोजीराजांनी तिथे तळे बांधले ते पाण्यासाठी यात्रेकरूंचे हाल होत म्हणून. डोंगरापलीकडे फलटण, निंबाळकरांचे. निंबाळकर, माने, भोसले, घोरपडे ही घराणी एकमेकांच्या लेकी करणारी आणि एकमेकांचे मुडदे पाडणारीही.

म्हसवडची देशमुखी मान्यांकडे होती. देशमुखी म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. परगण्यातल्या गावांचा वसूल राजाच्या खजिन्यात पोहोचवायचा, त्याबद्दल ठरलेला हक्क-लाजिमा घ्यायचा, इनाम जमिनी खायच्या, कागदावर नांगराची निशाणी उठवायची. होळीची पहिली पोळी, पोळ्याला पहिला बैल, देवळातला पहिला विडा हे मान वेगळे. राजे येत आणि जात. बहामनी गेली, आदिलशाही आली, तीही १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर गेली. वतन मात्र बापाकडून लेकाकडे चालत राही. म्हणून मराठा माणूस राजाची चाकरी सोडी, पण वतन सोडीत नसे. जेम्स ग्रँट डफने सातारच्या दरबारी राहून मराठ्यांचा इतिहास लिहिला. विजापूरच्या पदरी माने नामांकित शिलेदार होते हे त्याने नोंदवले आहे, आणि सूड घेण्याच्या बाबतीत ते शिर्क्यांच्या खालोखाल कुप्रसिद्ध होते हेही.

मराठीत ‘दावा’ हा शब्द दोन कामे करतो. कचेरीत मांडतात तोही दावा आणि पिढ्यान्‌पिढ्या साधतात तोही दावा. जुन्या कागदांत ‘दावेदार’ म्हणजे हक्क सांगणारा, आणि दावेदार म्हणजेच वैरी. आपल्या पूर्वजांना या दोन गोष्टींत फरक करायची गरजच भासली नाही, कारण वतनावर हक्क सांगणारा दुसरा माणूस बहुधा सख्खा चुलतभाऊ असे. शांततेच्या काळात असा तंटा गोतसभेपुढे जाई. मिरासदार, बलुतेदार, शेजारच्या गावचे पाटील बसत, साक्षी होत, महजर लिहिला जाई. तेवढ्याने भागले नाही तर दिव्य होई. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी पिशवी उघडून हाताला फोड आला की नाही ते पाहायचे. आज अंगावर काटा येतो. पण त्यातून निकाल लागे आणि लागलेला निकाल गोत मानी.

ही व्यवस्था चालायला एक अट होती. निकालामागे उभे राहणारे सरकार एकच हवे.

शिवाजी महाराजांनी ही मेख ओळखली होती. लष्करी चाकरीबद्दल नवी वतने द्यायची नाहीत, पगार रोख द्यायचा, हे त्यांचे धोरण. जावई गणोजी शिर्के यांच्या घराला दाभोळच्या देशमुखीची आस होती; लेक राजकुंवरला मुलगा होईल त्याला देशमुखी देऊ, असे सांगून महाराजांनी तो प्रश्न पुढे ढकलला होता. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षाअखेर रायगड पडला, राजाराम महाराज वेषांतर करून जिंजीकडे निघाले, आणि त्या धोरणाचाही शेवट झाला. खजिना रिकामा होता. शिपायाला द्यायला पैसा नव्हता; द्यायला होती ती फक्त जमीन, आणि तीही बरीचशी शत्रूच्या ताब्यातली. ४ जून १६९१ च्या एका पत्रात हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपडे यांना मिळून ६ लाख होनांच्या सरंजामाचे आश्वासन आहे, आणि त्यात दिल्ली घेतल्यावर मिळायचा हप्ताही लिहिलेला आहे. जिंजीच्या वेढ्यात कोंडला गेलेला राजा दिल्लीचा हिशेब मांडतो, ही जिद्द वाचताना छाती भरून येते.

पण त्याच जिद्दीची दुसरी बाजू माणदेशासारख्या मुलखाने भोगली. औरंगजेबही वतनाचे फर्मान देत होता. त्याच परगण्याची सनद जिंजीहूनही येत होती. घरातल्या एका शाखेने मोगलाकडून कागद आणला की दुसरी शाखा छत्रपतींकडे धाव घेई. नीरा ते भीमा हा टापू एके काळी निजामशाही आणि आदिलशाही यांच्या शिवेवरचा; आता तो दोन सनदांच्या शिवेवरचा झाला. दिवसा मोगली फौजदार, रात्री मराठ्यांची तुकडी. गोतसभेने निकाल दिला तरी तो मान्य नसलेल्याला घोड्यावर मांड टाकून चार कोस जायचे, की पलीकडे दुसरे सरकार तयारच. नागोजी माने याच हवेत वाढला. तो मोगलांच्या चाकरीत होता, मग मराठ्यांना मिळाला, आणि पुढे पुन्हा मोगलांकडे गेला. त्याला एकट्याला फितूर म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. त्या दहा वर्षांत असा फेरा न घातलेली घराणी बोटांवर मोजावी लागतील.

संताजी मात्र त्या मोजक्यांतला होता. त्याचे वडील म्हाळोजी घोरपडे संगमेश्वरी संभाजी महाराजांना वाचवताना पडले. संताजी सेनापती झाला आणि पुढची पाच-सहा वर्षे त्याने मोगली सरदारांची झोप उडवली. मोगली इतिहासकार खाफीखान मराठ्यांचा मित्र नव्हता. तोही लिहितो त्याचा आशय असा, की संताजीसमोर जो गेला तो मेला, धरला गेला किंवा सर्वस्व देऊन सुटला, आणि त्याच्यावर चालून जायला बादशहाचा कोणी अमीर राजी नसे.

दोड्डेरीचा प्रसंग पाहावा. नोव्हेंबर १६९५. कासीमखान आणि खानाजादखान चित्रदुर्गाच्या बाजूला संताजीला अडवायला निघाले. संताजीने त्यांचा पुढे गेलेला डेरादांडा लुटला, मुख्य फौजेला तोंडाशी गुंतवले आणि बगलेतून घाला घातला. मोगल सरदार दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरले आणि फौज बाहेर तटाखाली राहिली. दाणा संपला. उपाशी जनावरे गवत समजून एकमेकांच्या शेपट्या चघळू लागली. कासीमखान अफूचा व्यसनी. अफू मिळेना, त्यातच तो गेला. कोणी म्हणतात त्याने विष घेतले. अखेर २० लाख रुपये खंडणी ठरली, हत्ती-घोडे-जवाहीर ठेवून माणसे बाहेर पडली. बाहेर पडलेल्या त्या भुकेल्या शिपायांना संताजीच्या लोकांनी भाकरी आणि पाणी दिले. ही नोंद मोगलांच्या बाजूची आहे, म्हणून तिचे मोल अधिक. पुढे दोनच महिन्यांत बसवापट्टणला दुसरा मोगल सरदार हिंमतखान कपाळात गोळी लागून पडला.

शत्रूच्या उपाशी शिपायाला भाकर देणारा हा सेनापती स्वतःच्या माणसांवर मात्र फार कठोर होता. गनिमी लढाईत हुकूम एक क्षण उशिरा पाळला तर शेकडो जीव जातात, हे त्याला कळत होते. कसूर करणाऱ्याला तो हत्तीच्या पायी देई. पगारी फौजेत असली शिस्त कदाचित खपली असती. पण त्याच्या हाताखालचा प्रत्येक पथक्या आपल्या गावचा पाटील-देशमुख होता, स्वतःचे घोडे आणि स्वतःची माणसे घेऊन आलेला. त्याला शिक्षा म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान, आणि घराण्याचा अपमान म्हणजे पुन्हा दावा.

स्वराज्याचा दुसरा मोठा सरदार धनाजी जाधव मनमिळाऊ होता. त्याचे लोक त्याच्यावर जीव टाकत. दोघांचे वितुष्ट जिंजीच्या दरबारात वाढले. संताजी राजाशी फटकळ बोले आणि राजाभोवतीच्यांना धनाजी जवळचा वाटे. १६९६ मध्ये संताजीचे सेनापतिपद गेले आणि वृद्धाचलमच्या परिसरात मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. एका बाजूला राजाराम महाराज आणि धनाजी, दुसऱ्या बाजूला संताजी. संताजी जिंकला. धनाजीच्या बाजूने लढणारा अमृतराव निंबाळकर हाती सापडला. संताजीने त्याला हत्तीच्या पायी दिले.

अमृतरावाची बहीण राधाबाई म्हसवडला दिलेली होती. नागोजी मान्याची ती बायको.

पुढची पावले भराभर पडली. संताजी महाराष्ट्रात परतला, धनाजी त्याच्या मागावर आला. १६९७ च्या मार्चमध्ये सातारा प्रांतात पुन्हा गाठ पडली आणि या वेळी संताजीचे लोक फुटले. वर्षानुवर्षे धाकात राहिलेले सरदार एकेक करून धनाजीकडे गेले. ज्याच्या मागे हजारोंची घोडदौड असे तो मूठभर स्वारांनिशी पळू लागला. मागे धनाजी, आणि बादशहाने पाठवलेला फिरोजजंगही मागावर. उन्हाळा टिपेला पोहोचलेला, माणगंगा कोरडी. अशा अवस्थेत तो म्हसवडला आला.

जदुनाथ सरकारांनी फारसी साधने चाळून जो वृत्तांत उभा केला आहे, त्यात हा सगळ्यांत विलक्षण भाग आहे. नागोजीने संताजीला आसरा दिला, जेवू घातले आणि सुखरूप वाटेला लावले. मेहुण्याचा मारेकरी दारात आला होता, थकलेला, जवळजवळ एकटा. गढीचे दार लावून घेतले असते तर काम तिथेच झाले असते. पण दारी आलेल्याला मारायचे नाही, हा कायदा वैराहूनही जुना होता, आणि नागोजीने तो पाळला. संताजीनेही हाच कायदा धरून त्या घराची पायरी चढली असणार. नाहीतर अमृतरावाच्या बहिणीच्या घरी जाण्याचे धाडस कोण करील?

राधाबाईने तो कायदा मानला नाही. तिने नवऱ्याला आणि जिवंत असलेल्या भावाला संताजीच्या मागे धाडले.

यावरून साडेतीनशे पानांच्या कादंबरीत आणि तीन ओळींच्या टिपणात तिला एकच ठपका मिळतो : सुडाने आंधळी बाई. मला हे पटत नाही. भाऊ रणात पडला असता तर तिने कपाळावर आलेले सोसले असते; असे सोसणाऱ्या हजारो बाया त्या काळात होत्या. तिचा भाऊ कैदेत असताना मारला गेला होता, आणि तो कोणा मोगलाने नव्हे, स्वराज्याच्या सेनापतीने मारला होता. याची दाद तिने मागायची कोणाकडे? राजा जिंजीच्या वेढ्यात. गोताची सभा बसवावी तर अर्धे गोत बादशहाच्या तळावर. सरकार नसलेल्या मुलखात फिर्याद शेवटी घरातल्या पुरुषाच्या तलवारीपाशीच येते. राधाबाईने केले ते चूकच होते, त्याने राष्ट्राचे नुकसान झाले. पण तिच्याकडे पाहताना तिच्यापुढे बंद झालेले दरवाजेही मोजले पाहिजेत.

शंभू महादेवाच्या डोंगरात, परंपरा सांगते त्याप्रमाणे कारखेलच्या परिसरात, संताजी ओढ्याच्या पाण्यावर आंघोळीला थांबला होता. खाफीखान म्हणतो तो एकटा आणि बेसावध होता. नागोजीने मागून येऊन त्याचे डोके उतरवले, तोबऱ्यात घातले आणि घोड्याला बांधले. ते घेऊन तो बादशाही तळाकडे निघाला, कारण मधल्या काळात मराठ्यांना मिळाल्याची चूक माफ करून घ्यायला याहून मोठा नजराणा नव्हता. घरचा दावा आणि दरबारचा दावा त्या एका तोबऱ्यात एकत्र आले. वाटेत तोबरा गळून पडला. फिरोजजंगाच्या माणसांना तो सापडला, चेहरा ओळखला गेला, आणि ख्वाजा बाबा नावाच्या तुराण्याने तो ब्रह्मपुरीला नेला. बादशहाने त्याला खुशखबरखान असा किताब दिला. नगारे वाजले, आणि ते मुंडके छावणीत व दख्खनच्या शहरांत फिरवण्यात आले.

औरंगजेब त्या वेळी ऐंशीला टेकला होता. त्याला वाटले असेल की दख्खन आता संपली. पुढच्याच महिन्यात भीमेला असा पूर आला की छावणीतली माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. बादशहाने हाताने दुआ लिहून कागद पाण्यात सोडायला लावले असे सांगतात. माचणूरच्या घाटावर उभे राहिले की नदीचे ते पात्र समोर असते.

दख्खन संपली नाही. १६९८ च्या आरंभी जिंजी पडली, पण त्याआधीच राजाराम महाराज वेढ्यातून निसटले होते. कसे निसटले, याची चिटणीस घराण्याची हकीकत अशी की मोगलांच्या बाजूला असलेल्या गणोजी शिर्क्याने वाट दिली, आणि त्यासाठी त्या घराण्यातल्या खंडो बल्लाळाने आपले दाभोळचे वतन त्याला लिहून दिले. म्हणजे ज्या वतनाच्या हट्टाने शिर्के दुरावले होते, त्याच वतनाच्या कागदावर छत्रपतींचा जीव वाचला. त्या काळाला यश आणि अपयश मोजायला एकच माप होते, वतन. १६९९ च्या ऑक्टोबरात बादशहाने ब्रह्मपुरीचा तळ हलवला आणि तो किल्ल्यामागून किल्ला घेत फिरू लागला. १७०७ मध्ये अहमदनगरला तो वारला. संताजी असता तर एवढी वर्षे लागली नसती, असे मला वाटते.

म्हसवडसारखी गावे फक्त आपल्याकडे नव्हती. अमेरिकेत केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या मधून टग फोर्क नावाची नदी वाहते. तिच्या दोन काठांवर हॅटफिल्ड आणि मॅकॉय ही दोन घराणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकमेकांची माणसे मारत होती. सुरुवात एका डुकराच्या मालकीवरून झाली असे सांगतात. एका काठावर खून केला की नदी उतरून पलीकडे जायचे, तिथले राज्य वेगळे, तिथला गव्हर्नर आपला. १८८८ मध्ये हा वाद त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९० मध्ये एकाला फाशी झाली आणि हळूहळू ते वैर निवले. टग फोर्कचे वर्णन वाचताना मला माणगंगाच दिसत राहिली. नदी लहान, गाव लहान, आणि दोन्ही काठांना दोन सरकारे.

आपल्याकडे हे निवायला फार काळ लागला. छत्रपती गेले, पेशवे आले, इंग्रज आले, तरी वतनाचे तंटे चालूच राहिले; फक्त तलवारीच्या जागी वकील आला. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५० साली झाला आणि देशमुखीचा हक्क कायद्याने संपला. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. घोरपड्यांचे गाव कागल तालुक्यात आजही सेनापती कापशी म्हणून ओळखले जाते; पायताणांसाठी त्याचे नाव आहे. म्हसवडला रथ निघतो. कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगेच्या काठी संताजीची समाधी दाखवतात.

वतने गेली, पण वतनाचे कागद पुष्कळ घरांत अजून आहेत. माझी विनंती त्या घरांना आहे. माळ्यावरच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या फळीवर, जुन्या कापडात गुंडाळलेली मोडी भेंडोळी असतात; महजर, करीने, तंट्यांचे निवाडे, कोणी कोणाला मारले आणि कोणी कोणाची क्षमा मागितली याची लेखी हकीकत. वाळवी आणि ओल यांना वतनाचा मान ठाऊक नसतो. आपल्या घराण्याने तीनशे वर्षांपूर्वी फितुरी केली असे त्यात निघेल, ही भीती सोडून द्या; त्या काळात सगळ्यांनीच थोडीफार केली. ते कागद मोडी जाणणाऱ्याला दाखवा, त्यांची छायाचित्रे काढून घ्या, आणि घरात जपणे शक्य नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा पुराभिलेखागाराकडे सोपवा. हे या पावसाळ्याच्या आत करा.